नागपूर ते प्रवाळभिंत: स्कूबा डायव्हिंगची तयारी घरच्या घंगाळापासून

नागपुरातून कोणत्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यामुळे इथे स्कूबाचं, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचं, नाव काढलं की समोरचा आधी आपल्याला वरून खालपर्यंत न्याहाळतो आणि मग विचारतो, "पोहता तरी येते का तुले?" मला येत होतं. काटोलकडे मामाच्या संत्र्याच्या बागेत विहीर आहे, तिथे पाठीला रिकामा डबा बांधून शिकलो होतो. मामा विहिरीत रुपयाचं नाणं टाकायचा आणि आम्ही पोरं सूर मारून ते आणायला जायचो. दोन पुरुष खोल गेलं की कानात दाभण खुपसल्यासारखी कळ यायची आणि नाणं तिथेच सोडून वर यावं लागायचं. "तुयात दम नाही," असं मामाचं निदान होतं.

दम होता. कानातला दाब सारखा कसा करायचा हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं, एवढंच. पुढे कोर्स करताना शिकवणाऱ्याने हे दोन मिनिटांत समजावलं, तेव्हा लक्षात आलं की यातलं बरंचसं घरी बसून, फुकटात करता आलं असतं. हा लेख त्या 'बरंचसं'बद्दल आहे. प्रवाळ बघायला अंदमानला जावं लागेल हे खरं, पण तयारीचा मोठा वाटा नागपुरातच उरकतो. तो ज्यांनी उरकलेला नसतो, त्यांचे पहिले दोन दिवस तिथे कान धरून बसण्यात जातात.

आधी कान

समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर १ बार (हे दाबाचं माप) असेल तर १० मीटरवर २, २० वर ३ आणि ३० वर ४. आकडा दुप्पट व्हायला पहिले १० मीटरच पुरतात, म्हणून कानाला सगळ्यात जास्त जाच वरच्या थरातच होतो. पडद्यामागच्या पोकळीत हवा असते. बाहेरचा दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो आणि दुखतो. ही पोकळी एका बारीक नळीने घशाला जोडलेली आहे. ती नळी उघडून घशाकडची हवा आत जाऊ दिली की दाब सारखा होतो.

आरशासमोर उभे राहा. नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि नाकातून अगदी हलकेच हवा सोडल्यासारखं करा. दोन्ही कानांत 'टक्' असा आवाज आला पाहिजे. एकाच कानात आला तर न उघडलेला कान वर येईल अशी मान कलवून पुन्हा करा. मग नाक धरलेलं असतानाच आवंढा गिळून बघा. काहींना ही पद्धत जास्त जमते. रोज सकाळी दात घासताना पाच-सात वेळा केलं तर महिन्याभरात हात लावायची खोटी की कान मोकळे होतात. जोर मात्र लावायचा नाही. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यासारखं फुंकणारे लोक कान दुखावून घेतात.

पाण्यातला नियम असा की दुखायच्या आधी करायचं. डोकं पाण्याखाली गेलं की पहिली टक्, मग दर मीटरभराला एक. चुकून दुखलंच तर खाली रेटायचं नाही. अर्धा-एक मीटर वर यायचं, कान मोकळे करायचे आणि पुन्हा उतरायचं. माझा अगदी पहिला डायव्ह कोकणात, दहा-पंधरा मिनिटांच्या पॅकेजवाला होता. तिथल्या माणसाला पुढचं गिऱ्हाईक घ्यायचं होतं. मी हाताने 'थांब' म्हणत होतो आणि तो टाकीला धरून मला खाली नेत होता. त्यानंतर दोन दिवस उजव्या कानाने मला फक्त माझाच आवाज ऐकू येत होता.

सर्दी असेल तर डायव्ह नाही. औषध घेऊन नाक मोकळं करायचं आणि उतरायचं, हाही शहाणपणा नको. औषधाचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा कानात अडकते.

फॉर्म आणि डॉक्टर

कुठल्याही कोर्सच्या आधी तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा जुना आजार, गर्भारपण असे प्रश्न त्यात असतात. एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. लोक इथेच गफलत करतात. बेटावर पोचल्यावर फॉर्म हातात येतो, डॉक्टर कुठून आणायचा म्हणून सगळ्याला 'नाही' लिहून मोकळे होतात. तो फॉर्म निघण्याआधी महिनाभर मेलवर मागवून घ्या. धंतोली-रामदासपेठेत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वानवा नाही. एकदा कान दाखवून या. गर्भवती बाईने टाकी लावून पाण्याखाली जाऊच नये, यात मधला मार्ग नाही.

चष्मेवाल्यांनी घाबरायचं कारण नाही. पाण्याखाली वस्तू साधारण एकतृतीयांश मोठ्या आणि एकचतुर्थांश जवळ दिसतात, त्यामुळे थोडाथोडका नंबर आपोआप खपून जातो. जास्त नंबर असेल तर नंबरचा मास्क, म्हणजे डोळे-नाक झाकणारा काचेचा मुखवटा, मिळतो. तो आहे का, हे मात्र आधी विचारून ठेवा.

घंगाळ, बादली, तलाव

नवखा माणूस पाण्याखाली घाबरतो तो बहुतेकदा नाकात पाणी गेल्यामुळे. टाकीची हवा तोंडाने घ्यायची असते आणि नाकाला जन्मापासूनची सवय मोडायची असते. त्यावर घरगुती उपाय आहे. साधा स्नॉर्कल, म्हणजे तोंडाने श्वास घ्यायची वाकडी नळी, आणा, मास्क लावू नका, घंगाळात किंवा मोठ्या बादलीत पाणी भरा, तोंड बुडवा आणि फक्त तोंडाने श्वास घेत राहा. पहिल्यांदा दहा सेकंदांत डोकं वर येईल. मी आठवडाभर रोज हा खेळ केला. आई एकदा दारात येऊन उभी राहिली, "काऊन रे, तोंड काऊन बुडवून बसला? आंघोळ तं कर धड." शेवटी मी सलग पाच मिनिटांपर्यंत पोचलो. पुढे कोर्समध्ये पाण्याखाली मास्क काढून परत घालायचा असतो, तेव्हा शेजारची धडधाकट मंडळी तडफडत होती आणि मला घंगाळ आठवत होतं.

मग पोहण्याचा तलाव. कोर्ससाठी न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं. वेळेची अट नाही, शैलीचीही नाही. शहरात पोहण्याचे तलाव बरेच आहेत. निघण्याआधी दोन महिने आठवड्यातून तीनदा गेलात तर पुरे. अंबाझरी-फुटाळा या उघड्या तलावांवर हा सराव करायला जाऊ नका, तिथला तळ दिसत नाही आणि वाचवायलाही कोणी नसतं. तलावात वेग वाढवायच्या मागे लागू नका. हळू, लांब आणि कमी हात मारून २०० मीटर पार करा. स्पर्धेत पोहलेली मुलं डायव्हिंगमध्ये हवा सगळ्यात लवकर संपवतात, कारण त्यांचे पाय स्वस्थ बसत नाहीत.

आणि एकट्याने पाण्याखाली दम धरून बसण्याचा सराव अजिबात नको. त्यात माणूस काही न कळता बेशुद्ध होतो. शिवाय स्कूबामध्ये त्याचा उपयोग शून्य. तिथे श्वास रोखायचाच नसतो.

कुठे आणि कधी

मालवण-तारकर्ली आपल्याच राज्यात आहे. नागपूर-मडगाव विशेष गाडी कुडाळला थांबते. ती चालू आहे का आणि कोणत्या दिवशी आहे हे बघून घ्या. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे पद्धतशीर शिकता येतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासे भरपूर, पण पाणी बऱ्याचदा गढूळ आणि प्रवाळ तुरळक. चव घ्यायला ठीक. पावसाळ्यात सगळं बंद असतं.

लक्षद्वीप म्हणजे खरीखुरी कंकणाकृती प्रवाळबेटं, भारतात दुसरीकडे कुठे नाहीत. अगत्ती, बंगारम, कदमत इथे डायव्हिंग होतं. प्रवेश परवाना लागतो, तो मिळाल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

पहिल्या कोर्ससाठी मी अंदमानच सांगेन, त्यातही हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. नागपूरहून थेट विमान नाही. चेन्नई, कोलकाता किंवा हैदराबादला बदलावं लागतं. पैसे वाचवायचे तर चेन्नईपर्यंत रेल्वेने जा. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झालंय, तिकिटांवर दोन्ही नावं दिसली तर गोंधळू नका. तिथून बोटीने दीड ते अडीच तास. घड्याळ आपलंच असलं तरी तिथे संध्याकाळी साडेपाच-सहाला अंधार पडतो आणि पहाटे पाच-साडेपाचला उजाडतं. बोटी सकाळी सहा-सातला सुटतात. दहा वाजता तर्री-पोहे खाऊन दिवस सुरू करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

काळ जानेवारी ते एप्रिल. दिवाळीच्या सुट्टीत तिथे परतीच्या पावसाची भीती असते आणि मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस अंदमानात पोचतो. आपल्याकडे ४५ अंशांत होरपळताना तिकीट काढावंसं वाटतं, तेव्हा तिकडचा हंगाम संपत आलेला असतो.

पॅकेज की कोर्स

हौशी डायव्हमध्ये इन्स्ट्रक्टर तुम्हाला मागून धरून फिरवतो, खोलीची मर्यादा १२ मीटर. १० वर्षांपुढच्या मुलांनाही चालतं. एकदाच करायचं असेल तर हे ठीक आहे. पण त्यात तुमचं अर्धं लक्ष 'मी जिवंत आहे ना' यात जातं आणि उरलेलं कॅमेऱ्यात. ज्याला प्रवाळ बघायचं आहे त्याने ओपन वॉटर कोर्स करावा. तीन ते चार दिवस, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डायव्ह. नंतर १८ मीटरपर्यंत सोबत्याबरोबर जायची मुभा जगभर. पॅडी आणि एसएसआय ही दोन प्रमाणपत्रं सगळीकडे चालतात. थिअरी ऑनलाइन असते, ती नागपुरातच संपवा. समुद्र समोर असताना हॉटेलच्या खोलीत व्हिडिओ बघत बसणं म्हणजे लग्नाला जाऊन गाडीत बसून राहणं.

पैसे भरण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारा. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी? चारच्या वर गेला तर दुसरीकडे बघा. बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर असतो का? डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ दाखवणारं मनगटी यंत्र, प्रत्येकाला मिळतो का? आणि कान मोकळे झाले नाहीत तर पुढचा डायव्ह दुसऱ्या दिवशी ढकलता येतो का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा कसा बोलतो, त्यावरून मी ठरवतो.

पाण्याखालचं गणित

नेहमीच्या टाकीत साधारण ११ लिटर जागा आणि २०० बार दाब, म्हणजे २,२०० लिटर हवा. वर येताना ५० बार शिल्लक ठेवायची, तेव्हा वापरायला १,६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून ४० लिटर. टाकी सुमारे ४१ मिनिटं पुरते. १८ मीटरवर तीच २९ मिनिटं. आता तुम्ही धापा टाकत मिनिटाला ३० लिटर घेतलेत तर १० मीटरवरही २७ मिनिटांत खेळ आटोपतो. म्हणून सगळं शिकवणं एका गोष्टीवर येऊन थांबतं: हळू घ्या, त्याहून हळू सोडा.

श्वास रोखू नका हा पहिला नियम, आणि त्याचं कारण डोक्यात नीट बसलं पाहिजे. १० मीटरवर छातीभर श्वास घेऊन तो अडवून वर आलात तर ती हवा पृष्ठभागाशी दुप्पट होते. फुप्फुसं फुगा नाहीत, ती फाटतात. यासाठी फार खोल जावं लागत नाही. उथळ पाण्यातही हे होऊ शकतं, कारण हवेचा आकार पृष्ठभागाजवळच सगळ्यात झपाट्याने बदलतो.

दुसरी गोष्ट नायट्रोजनची. दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत विरघळतो. झटकन वर आलात तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उडवल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे दुखण्यापासून लकव्यापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचं नाही आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. आपल्याच छोट्या बुडबुड्यांच्या मागे-मागे, त्यांना पुढे जाऊ देत वर या.

खुणांमध्ये एक गोची आहे. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. माझ्याबरोबरच्या एकाने कासव दिसल्याच्या आनंदात अंगठा दाखवला आणि इन्स्ट्रक्टर त्याला घेऊन वर निघाला.

तरंगणं साधायला वेळ लागतो. जॅकेटमध्ये थोडी हवा, कमरेला योग्य वजन आणि बाकी काम फुप्फुसांचं: श्वास घेतला की शरीर हातभर वर, सोडला की खाली. तिसऱ्या डायव्हला हे एकदम जमलं. हात छातीशी बांधून पाण्याच्या मधोमध लटकलो होतो, खाली वाळू, वर प्रकाश, आणि हलायला काही कारणच नव्हतं.

प्रवाळाजवळ

इतवारीच्या सराफ्यात मंगळासाठी जे लाल पोवळं विकतात, ते इथे दिसणार नाही. ते भूमध्य समुद्रातलं, वेगळ्या जातीचं. इथलं प्रवाळ म्हणजे मुगाच्या दाण्याएवढ्या, कधी त्याहूनही बारीक प्राण्यांची वसाहत. प्रत्येकजण आपल्याभोवती चुनखडीची वाटी बांधतो आणि त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न शिजवून त्याला देतं. रंगही बराचसा त्या शैवालाचाच. पाणी फार तापलं की हे बिऱ्हाड मोडतं, शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०१० मध्ये अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं. गोलाकार प्रवाळ वर्षाला अर्धा-एक सेंटिमीटर वाढतं. तुमच्या पायातल्या फिनचा (पोहायच्या वल्ह्याचा) एक फटका म्हणजे दहा वर्षांची वाढ, म्हणून तरंगणं जमल्याशिवाय जवळ जाऊ नका. गुडघे किंचित वाकवून पोटरीपासून पाय मारा. कशालाही हात लावू नका. दगड वाटतो तो विषारी स्टोनफिश असू शकतो.

ताडोबात जिप्सीवाला वाघासाठी धावडवतो आणि मधले सगळे पक्षी सुटतात. इथे तसं करू नका. एका मोठ्या प्रवाळापासून दोन मीटरवर पाच मिनिटं थांबा. पहिल्या मिनिटाला निळ्या-करड्या गर्दीशिवाय काही दिसत नाही. लाल रंग पाणी पाच-सात मीटरमध्येच शोषून घेतं, म्हणून टॉर्च मारला की राखाडी खडक एकदम शेंदरी होतो. मग कुरकुर ऐकू येते, कोणी पापड खातंय अशी. तो पॅरटफिश, चोचीने प्रवाळ खरवडणारा. चुनखडी त्याच्या पोटातून पांढरी वाळू होऊन बाहेर पडते, आणि किनाऱ्यावर ज्या वाळूत आपण फोटो काढतो तिच्यात त्याचा मोठा वाटा आहे. एका कोपऱ्यात बोटाएवढा निळ्या पट्ट्याचा मासा असतो, क्लीनर रास. त्याच्यापुढे मोठे मासे तोंड उघडून रांगेत थांबतात आणि तो त्यांच्या कल्ल्यांतले परजीवी वेचतो. सलूनची रविवारची गर्दीच. समुद्रफुलात (फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात) झुलणारे क्लाउनफिश सगळे जन्मतः नर. घरातली मादी गेली की सगळ्यात मोठा नर मादी होतो.

मोरे ईल ही सापासारखी मासळी तोंड उघडझाप करते ती श्वासासाठी, धमकीसाठी नाही. खरा खडूस टायटन ट्रिगरफिश. तो घरट्यावर असताना त्याची हद्द खालून वर रुंदावत जाते, फनेलसारखी. अंगावर आला तर वर पळायचं नाही, आडवं सरकायचं.

परतताना

शेवटचा डायव्ह आणि विमान यांत एक अख्खा दिवस ठेवा. एकच डायव्ह असेल तर किमान १२ तास, अनेक असतील तर १८. मी २४ धरतो. विमानाच्या आत दाब जमिनीपेक्षा कमी असतो, उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे करू शकतो. मालवणहून गाडीने येणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी आंबोली घाट चढू नये. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचावर आहे.

किनाऱ्यावरचा मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. विमानतळावर बॅगेच्या तपासणीत माझ्या पुढच्या काकूंच्या पिशवीतून दोन तुकडे निघाले. "तुळशीपाशी ठेवाले घेतले जी," त्या सांगत होत्या आणि त्यांचं विमान फलकावर दिसत होतं.

लॉगबुक मात्र सांभाळा, पुढच्या प्रत्येक ठिकाणी ते मागतात. माझ्या वहीत कोर्सच्या पहिल्या डायव्हसमोर लिहिलंय: कमाल खोली ११.४ मीटर, ४१ मिनिटं, हवा शिल्लक ६० बार. शेऱ्याच्या रकान्यात माशांबद्दल एक अक्षर नाही. 'कान दुखला नाही' एवढंच.